दोन आठवड्यांसाठी रूपर्टला

प्रिन्स रूपर्ट,
२ नोव्हेंबर १९५०

चि. हारुको हिस शिझुएताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं तेव्हा पाकिटावरची शाई निम्मी ओघळून गेली होती. पोस्टमन बिचारा काय करणार. या गावात पत्रं, पाव आणि माणसं, सगळंच थोडं ओलं होऊन घरी येतं. आतला कागद मात्र कोरडा होता, आणि त्याला तुमच्या अल्बर्टातल्या धुळीचा वास होता. तुझे मिनोरूभाऊजी म्हणाले, ही धूळ बरणीत भरून ठेव, इथे औषधाला मिळायची नाही.

तू विचारलंस, गाव आठवतं तसंच आहे का. तुला काय आठवत असणार म्हणा. लढाईत आपण जपानी म्हणून सरकारने किनाऱ्यावरून उठवलं तेव्हा तू बारा वर्षांची होतीस, आणि आगगाडीत सगळा वेळ तुझ्या मांजराचीच चौकशी करत होतीस. गाव तसंच डोंगराच्या अंगावर चिकटून बसलंय. लढाईच्या दिवसांत अमेरिकन सैनिकांनी बराकी बांधल्या होत्या, त्यातल्या एकीचे तुकडे करून घरं केलीत. अशा एका तुकड्यात आम्ही भाड्याने राहतो. खाली खडक, खडकावर लाकडी खांब, खांबांवर घर. वारा सुटला की सगळं घर गुणगुणतं. हे बंदर व्हँकुव्हरला मागे टाकणार होतं, ही गोष्ट अजूनही जो तो ऐकवतो. त्या हिशेबाने आखलेले रुंद रस्तेही आहेत. त्यांवरून हरणं ऐसपैस चालतात.

लोकांचं म्हणशील तर खाटकाच्या रांगेत एक बाई मला पाहून दूर सरकली. त्याच रांगेतल्या दुसरीने, तू बोटी बांधणाऱ्या मोरिवाकींची लाल बुटांवाली थोरली ना, असं विचारून मला पुढे घेतलं. असं आहे. शेजारच्या बोर्गहिल्डबाई नॉर्वेच्या. नवरा समुद्रात गेला, तेव्हापासून एकट्या असतात. आवाज असा की बंदरातल्या भोंग्याला सुट्टी द्यावी. पण रोज काही ना काही ताटलीत झाकून आणतात.

आता मुख्य बातमी. मार्चमध्ये आमच्याकडे पाळणा हलेल. बाबांना सांग, आणि सांगताना त्यांचं तोंड कसं होतं ते मला लिही. त्यांना म्हणावं, आता आपल्याला किनाऱ्यावर यायची बंदी उरलेली नाही. तुम्ही दोघं इकडेच या. निदान ते तरी येऊ देत.

मिनोरूंचा तुला आशीर्वाद. पत्राला उशीर केलास तर मी रुसेन, आणि या दिवसांत मला रुसायची मुभा आहे.

तुझी
शिझुएताई

◆

टेबर, अल्बर्टा,
१९ नोव्हेंबर १९५०

ती. शिझुएताईस धाकट्या हारुकोचा सा. न. वि. वि.

ताई, मी तुझं पत्र वाचून उड्या मारल्या, त्या पाहून कोंबड्या खुराड्यात पळाल्या. बाबा लाकडं फोडत होते. मी मोठ्याने वाचून दाखवलं. पाळण्याच्या ओळीवर कुऱ्हाड थांबली. मग त्यांनी विचारलं की मिनोरूकडे धड बूट आहेत का, डेकवर पाय ओले राहिले तर माणूस आजारी पडतो. एवढंच. पण नंतर फोडलेली लाकडं पाहिली तर एकही सरळ फुटलेलं नव्हतं.

यायचं काढलं तेव्हा मात्र चेहरा बंद झाला. म्हणाले, ज्या गावाने मला एका पेटीत संसार भरायला लावला, त्या गावात मी पुन्हा पेटी घेऊन उतरणार नाही. माझी बोटी बांधायची जागा विकली, घर विकलं, मला विचारलं कुणी? बाळाला पाय फुटले की त्यालाच इकडे आणा, इथली हवा कोरडी आहे. मी म्हटलं, बाबा, आजच ओठ फुटून रक्त आलं ते याच कोरड्या हवेने. तर म्हणाले, ओठ फुटतात ते जास्त बोलण्याने.

इथे बीटची काढणी उरकली. माझे हात अजून मातीच्या रंगाचे आहेत. कालव्यापलीकडच्या कागावांचा इसामु आमचा पंप दुरुस्त करायला आला होता. तो कधी समुद्राजवळ गेलेला नाही. मला विचारत होता, समुद्र म्हणजे आपल्या या मैदानासारखाच ना, फक्त हलणारा? ताई, मला समुद्राचा आवाज आठवत नाही. तो कसा असतो ते एकदा नीट लिही.

तू जपून राहा. ओझी उचलू नकोस. भाऊजींना नमस्कार. मला विसरू नकोस म्हणत नाही, पत्रांवरून कळेलच.

हारुको

◆

प्रिन्स रूपर्ट,
१४ जानेवारी १९५१

चि. हारुको, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुला समुद्राचा आवाज लिहायला बसले, तर गेला आठवडाभर दुसरा आवाजच नाही. असं वादळ झालं की बोर्गहिल्डबाईंच्या न्हाणीघराचं छप्पर उडून आमच्या दारात येऊन बसलं. त्या आल्या, छपराकडे पाहिलं, आणि म्हणाल्या की तसंही मला ते आवडत नव्हतं. बंदरात बोटी एकमेकींना दोरांनी बांधून उभ्या होत्या, घाबरलेल्या मुलींनी हात धरावे तशा. आवाज म्हणशील तर लांबून कुणी तरी जड लाकूड ओढत नेतंय, थांबतंय, पुन्हा ओढतंय, असा.

मिनोरू हेरिंगच्या मासेमारीवर आहेत. मासे डब्यांत भरणाऱ्या कॅनरीची बोट, कॅनरीची जाळी, पण हात स्वतःचे, असं ते म्हणतात आणि खूष असतात. दोन दोन आठवडे घरी नसतात.

यापुढचं बाबांना वाचून दाखवू नकोस. हारु, मला भीती वाटते. दिवसभर काही नसतं. मी शिवते, भात करते, बोर्गहिल्डबाईंशी हसते. मग एकदम मनात येतं की आई नाही. ती तिकडच्या दुसऱ्याच हिवाळ्यात गेली, आणि मला काही विचारायचं राहून गेलंय असं सारखं वाटतं. काय विचारायचं तेही कळत नाही. कुणी तरी आपलं माणूस दारात बसलेलं असावं, न बोलता बसलं तरी चालेल, एवढंच.

असो. हे लिहिलं आणि बरं वाटलं. इथे काल अर्धा तास ऊन पडलं. दुकानदार दुकानं उघडी टाकून रस्त्यावर आले.

तुझ्या इसामुला सांग, मैदान आणि समुद्र यांत मुख्य फरक म्हणजे मैदानात पंप दुरुस्त करायला माणूस लवकर मिळतो. त्याच्यावर तुझ्या पत्रात चांगल्या तीन ओळी आल्यात. मी काही विचारत नाही.

लोभ मनात धरणारी
शिझुएताई

◆

टेबर,
११ फेब्रुवारी १९५१

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू वाचू नकोस म्हणालीस तो भाग मी वाचून दाखवला नाही. पत्र टेबलावर विसरले, एवढंच. आणि दूध काढायला गेले ती जरा सावकाश परतले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पलंगाखालून पेटी ओढली. मी काही बोलले नाही, बोलले असते तर त्यांनी ती परत ढकलली असती. संध्याकाळी जेवताना अटी सांगितल्या. फक्त दोन आठवडे. गावातल्या मोठ्या रस्त्यावर पाऊल टाकणार नाही. कुणाशी बोलणार नाही, कुणी हसून बोललं तरी नाही. बंदराकडे पाठ करून बसेन. मी सगळ्याला मान हलवली. मग पाहिलं तर दोन आठवड्यांसाठी निघालेल्या माणसाने सदरे घेतलेत तीन, आणि रंधा, करवती, पटाशा असं सगळं रजईत गुंडाळून पेटीच्या तळाशी घातलंय. मी विचारलं हे कशाला. म्हणाले, मागे ठेवलं तर गंजेल. या हवेत, ताई.

मी येत नाही. कोंबड्या आहेत, गाय आहे, पाईप गोठू नयेत म्हणून घर तापतं ठेवावं लागतं. माझी काळजी करू नकोस. कागावाकाकू रोज एक फेरी मारतात.

स्टेशनवर सोडायला इसामुच्या ट्रकमधून गेलो. बाबांनी त्याला उपदेश केला की क्लच असा दाबायचा नसतो. बाबांना ट्रक चालवता येत नाही. इसामुने पूर्ण ऐकून घेतलं आणि आभार मानले.

बाबा पोचले की लगेच कळव. बाळाच्या मावशीकडून पोटावर एक थोपटणं.

हारुको

◆

प्रिन्स रूपर्ट,
२५ मार्च १९५१

चि. हारुको मावशीबाईंस आशीर्वाद. वि. वि.

मुलगी झाली. नाव इझुमी. तार मिळालीच असेल, पण तारेत काय मावतं. डोक्यावर दाट केस आहेत आणि रडते ती थेट बोर्गहिल्डबाईंच्या पट्टीत. आम्ही दोघी सुखरूप आहोत. आता सगळं सांगते. पत्र लांबेल, चहा घेऊन बस.

बाबांची गाडी नदीकाठी दरड कोसळल्यामुळे खूप उशिरा आली. मिनोरू आणायला गेले. बाबा घराजवळ आले ते आत यायच्या आधी घराखाली शिरले. सगळे खांब हाताने चाचपले आणि बाहेर येऊन म्हणाले की अमेरिकन लोकांनी लढाई कशी जिंकली कोण जाणे, एक खांब दुसऱ्यासारखा नाही. मग मला पाहिलं. माझं पोट पाहिलं. बूट काढले आणि दारात बसले. दुपारभर बसून होते, न बोलता. हारु, तुझ्या त्या विसरभोळेपणाला काय म्हणू.

मला दवाखान्यात नेलं तेव्हा ते मोठ्या रस्त्यावरूनच आले, दुसरी वाटच नाही. पहिली अट तिथे संपली. बाळाला पाहून म्हणाले, कान हिच्या आजीचे आहेत. आणि नर्सला इंग्रजीत विचारलं की या खिडकीतून वारा येतो तर पाळणा इथे का ठेवलाय. ती बाई मोठी कडक, पण तिने निमूटपणे पाळणा हलवला. दुसरी अट तिथे संपली.

मी घरी आले तर आमच्या कोळशाच्या खोपटातून धूर येत होता. मला वाटलं आग लागली. तर बाबांनी तिथे आपलं न्हाणीघर केलं होतं, आईच्या वेळचं होतं तसं. सीडरच्या फळ्यांचं खोल पिंप, खाली लोखंडी तळ, त्याखाली चूल, आत पाय ठेवायला लाकडी जाळी. बोटी बांधणाऱ्याचं पिंप ते, थेंब गळत नाही. छपराचं पाणी सरळ पिंपात पडावं अशी पन्हळ लावली आहे. म्हणाले, हे गाव मला एक गोष्ट फुकट देतंय, ती तरी का सोडू.

या कामात बोर्गहिल्डबाई घुसल्याच. धूर दिसला तशा बादली घेऊन विझवायला आल्या आणि बाबांवर ओरडल्या. बाबांनी विझवू दिलं नाही. बराच वेळ एकाने जपानी इंग्रजीत आणि दुसरीने नॉर्वेच्या इंग्रजीत भांडण केलं. कळलं कुणालाच काही नसावं. मग त्यांनी आत डोकावून विचारलं की माणसाने स्वतःच्याच मळात बसायचं का. बाबांना हा फार मोठा अपमान वाटला. बाहेर अंग घासून, धुऊन, स्वच्छ होऊन मग पाण्यात उतरायचं असतं, हे त्यांनी रिकाम्या बादलीने, हातवारे करून, कोटावरूनच पाठ घासून दाखवलं. मिनोरू म्हणतात, असं नाटक गावात लढाईनंतर झालं नव्हतं. आता बाईंचं न्हाणीघर वादळात मोडलेलं. शनिवारी त्या स्वतःचा साबण आणि टॉवेल घेऊन हजर. बाहेर आल्या त्या उकडलेल्या खेकड्यासारख्या लाल. म्हणाल्या, माझ्या आईच्या गावाला वाफेची खोली असायची, तिथून निघाल्यापासून माझ्या हाडांनी कधी ऊब धरली नव्हती, आज धरली. पुढच्या शनिवारी त्यांचा भाऊ आला. त्यानंतर भावाच्या बोटीवरचे लोक. आता बाबा रांग लावतात आणि पाठ नीट धुतली नसेल त्याला परत पाठवतात. मोठमोठे दर्यावर्दी मान खाली घालून पुन्हा धुऊन येतात.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी मी उतरले. गळ्यापर्यंत कढत पाणी, डोक्यावर पत्रा, पत्र्यावर पाऊस. बाहेरून बाबांनी विचारलं, पुरेसं तापलंय का, अजून एक लाकूड घालू का. आई अगदी असंच विचारायची, त्याच शब्दांत. मी रडले. कुणाला कळलं नाही. पाण्यात ते एक बरं असतं.

परवा पाऊस उघडला तेव्हा ते एकटेच सील कोव्हच्या खाडीवर जाऊन आले. आपली बोटी बांधायची जागा होती तिथे आता कुणाच्या तेलाच्या टाक्या आहेत. परतले, दोन वाडगे भात जेवले. झोपताना आपणहून म्हणाले की भरती अजून त्याच खडकापर्यंत येते.

दोन आठवडे संपून गेलेत. आम्ही कुणी कॅलेंडरकडे बघत नाही. तू पण पत्रात विचारू नकोस.

तुझी शिझुएताई, आणि खाली शाईचा जो डाग आहे तो चि. इझुमीचा नमस्कार

◆

टेबर,
१५ एप्रिल १९५१

ती. ताईस सा. न., चि. इझुमीस अनेक पापे. वि. वि.

तुझं पत्र मी कागावाकाकूंकडे वाचून दाखवलं. पाठ घासण्याचा भाग इसामुच्या वडिलांनी दोनदा वाचायला लावला. बाबा माणसांत हसले का गं? तू ते लिहिलं नाहीस. इथे नऊ वर्षांत मी त्यांना दात दुखतोय म्हणून तोंड उघडताना पाहिलंय, हसताना नाही.

विचारू नकोस म्हणालीस म्हणून विचारत नाही, पण शेताचा मालक विचारतोय. बीटची पेरणी आली. बाबा येणार असतील तर तो वरचं शेत आपल्याला देईल, नाही तर कागावांना. त्याला काय सांगू? तसं कागावांना मिळालं तर मला वाईट वाटणार नाही. म्हणजे ते चांगले लोक आहेत.

वारा फार सुटलाय. आज दोन ओळींच्या वर लिहवत नाही. सविस्तर पुढे कधी तरी लिहीन. काही सांगायचंही होतं, पण राहू दे.

माया ठेव.

हारुको

◆

प्रिन्स रूपर्ट,
६ मे १९५१

चि. हारुको हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

हसले. आधी तेच लिहिते. हेरिंगच्या अंड्यांवर हसले.

समोरच्या मेटलाकाटला गावाचे एमॉस हॉल्डेन म्हणून आहेत. सिमशियान लोकांपैकी, इथल्या मूळच्या माणसांपैकी. वसंतात हेरिंग समुद्रातल्या रुंद पानांवर अंडी घालतात ना, ती पानं त्यांच्याकडे काढतात. आपल्याकडेही तो पदार्थ जीव की प्राण. तर हे गृहस्थ ओल्या गोणपाटात भरून ती पानं घेऊन शनिवारी न्हायला आले. बाबांनी गोणपाट उघडलं, एक तुकडा तोंडात टाकला. करकर आवाज आला. एमॉसनी एक टाकला. दोघं खोपटाच्या पायरीवर पावसात बसून करकर खात राहिले. शेवटी बाबा म्हणाले की नऊ वर्षं मी बीटची पानं चावली. एमॉस इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यावर बाबा हसले, दात दिसेपर्यंत.

पुढे ऐक. एमॉसच्या वडिलांची बोट बाबांनी बांधलेली होती. ती मागच्या हिवाळ्यापर्यंत पाण्यात होती, मग खडकावर बसली. एमॉस म्हणाले, मला तशीच हवी. बाबा म्हणाले, मी इथे फक्त दोन आठवड्यांसाठी आलोय. एमॉस गंभीरपणे म्हणाले की हो, ते सगळ्यांना माहीत आहे. बाबा म्हणाले, माझ्याकडे जागा नाही. एमॉस म्हणाले की बोर्गहिल्डबाईंच्या भावाचा कोव्हमधला गाळा रिकामा पडलाय, त्याला विचारून झालंय. बाबा बराच वेळ पानं चावत बसले. मग त्यांनी विचारलं, इंजिन कोणतं बसवणार.

हारु, त्या प्रश्नावर मी आत जाऊन मिनोरूंना सांगितलं की आता बाबा कुठे जात नाहीत.

आता तू. मालकाला सांगून टाक, शेत कुणालाही दे. कोंबड्या वीक, गाय काकूंना दे, आणि ये. मी तुझ्यासाठी मागची खोली रंगवली आहे, पिवळी, कारण इथे तो रंग आकाशात दिसत नाही. शिवणकामाच्या दुकानातही बोलून ठेवलंय. बाबांची बेडी पायात होती म्हणून तू तिकडे अडकलीस, हे मला कळत नव्हतं असं समजू नकोस. फार सोसलंस. आता तुझा समुद्र तुला परत मिळेल. आपण सगळे एका छपराखाली येऊ, आईला हवं होतं तसं.

कोणत्या गाडीने येतेस ते लिही, बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

वाटेकडे डोळे लावलेली
शिझुएताई

◆

टेबर,
२० मे १९५१

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्र मी चारदा फाडलं. हे पाचवं. चांगलं नसलं तरी पाठवणार आहे.

ताई, मी येत नाही.

पिवळ्या खोलीबद्दल वाचून मला रडू आलं, आणि तरी येत नाही. तुला वाटलं मी बाबांमुळे इथे राहिले. मलाही तसंच वाटायचं. बाबा गेले, घर रिकामं झालं, आणि मी रोज सकाळी उठून बघते तर मला इथून जायचंच नाही. मला हे मैदान आवडतं. इथे आलो तेव्हा तू मोठी होतीस, तुझं काही तरी मागे राहिलं होतं. माझं मांजर तेवढं राहिलं. मी इथेच वाढले. समुद्राचा आवाज मी तुला विचारत होते, तो आठवावा म्हणून, त्याच्याजवळ राहावं म्हणून नव्हे. हे मला तरी कुठे कळत होतं.

आणि इसामु. तू विचारत नाहीस म्हणतेस आणि वर चिमटा काढतेस, तर ऐक. त्याच्या ट्रकची धूळ मैलभरावरून दिसते, त्यामुळे मला केस नीट करायला वेळ मिळतो. त्याला हे ठाऊक आहे, म्हणून तो मुद्दाम सावकाश येतो, असं त्याने परवा सांगितलं. सांगितल्यावर त्याचे कान लाल झाले. वरचं शेत कागावांना मिळालं आहे. त्याने मला विचारलं आणि मी हो म्हटलं. पण बाबांना विचारल्याशिवाय ते हो अर्धंच आहे, असं दोघांनाही वाटतं.

बाबांना कसं सांगू? त्यांना वाटेल, एक मुलगी जवळ आली तर दुसरी सोडून गेली. आता कुठे ते हसायला लागलेत. तू वेळ पाहून सांगशील का? त्यांचं पोट भरलेलं असताना, किंवा पिंपातून नुकते बाहेर आलेले असताना. मला लिहायचा धीर होत नाही.

माझ्यावर रागवलीस तर दोन दिवस रागव. तिसऱ्या दिवशी पत्र लिही.

तुझीच
हारुको

◆

प्रिन्स रूपर्ट,
३ जून १९५१

चि. हारुको हिस गेन्झो मोरिवाकी याचे आशीर्वाद. विशेष.

तुझ्या ताईने तुझे पत्र माझ्या टेबलावर विसरून ठेवले. या घरातल्या मुलींना हे कोणी शिकवले ते मला माहीत नाही. तुमच्या आईला ही सवय होती.

ताई दोन दिवस रागावली. खोलीतला पलंग जोरजोरात झाडत होती. तिसऱ्या दिवशी विचारू लागली की कागावा लोक गोड खातात की तिखट. तेव्हा ते मिटले. ती वेगळे लिहिणार आहे.

माझे ऐक. थंडीत तो मुलगा आपला पंप दुरुस्त करायला येई, तेव्हा पंपाला काही झालेले नसे. मी तपासला होता. मी बोललो नाही, कारण मला वाटे, ही मुलगी माझ्यासाठी बीटच्या शेतात वाकते आहे, हिला एवढी करमणूक असू दे. तू माझ्यासाठी तिथे अडकलीस ही गोष्ट मला फार जड होती. इथे आल्यावरही रात्री तीच आठवे. तुझे पत्र वाचून कळले की तू माझ्यासाठी थांबली नव्हतीस. मला वाईट वाटेल असे तू लिहिलेस. मला त्या दिवशी दोन वर्षांत आली नसेल अशी झोप आली.

मला एकदा या गावातून उचलून दुसऱ्या गावात नेले. कोणी विचारले नाही. तुझ्या आईला विचारले नाही, तुम्हा मुलींना तर नाहीच. मी राग धरला तो घरासाठी किंवा जागेसाठी नव्हता. न विचारण्याचा होता. आता मीच तुला म्हणू का, की ऊठ, कोंबड्या वीक आणि मी आहे तिथे ये? तुला जिथे राहायचे ते तू ठरवलेस. आपल्या घरात नऊ वर्षांत हे पहिल्यांदा कोणाला करता आले. मला आणखी काय पाहिजे.

तेव्हा तुमचे हो पुरे समजावे.

लग्न कुठे करायचे ते तुम्ही दोघांनी ठरवा. इथे करायचे असेल तर सप्टेंबरात, मासेमारी संपलेली असते आणि तुमची काढणी सुरू झालेली नसते. कागावांना घेऊन या. त्यांना झोपायला ती पिवळी खोली आहे, बोर्गहिल्डबाईंनीही दोन पलंग देऊ केले आहेत. त्या तुझ्यासाठी केक करणार आहेत. मी नको म्हटले, पण त्यांच्याशी भांडणात मी अजून जिंकलेलो नाही. मुलाला सांग, ट्रकबद्दल मी जे बोललो ते बरोबर होते. पण त्याने ऐकून घेतले, तेव्हाच मी त्याला पसंत केला होता.

एमॉसच्या बोटीचा कणा बसवला. लाकूड चांगले मिळाले. हात आधी अडखळत होते, आता अडखळत नाहीत. मिनोरू मासेमारीहून आला की संध्याकाळी मदतीला उभा राहतो. इझुमीला टोपलीत घालून कामाच्या जागी आणतात, ती करवतीच्या आवाजात गाढ झोपते आणि करवत थांबली की उठते. त्यामुळे मला विश्रांती नाही.

आज इथे ऊन पडले आहे. सकाळपासून आहे, ढग कुठेच नाही. समोरची बेटे मोजता येतात. सगळे गाव बाहेर येऊन उभे आहे, कॅनरीतल्या बायका धक्क्यावर पाय सोडून बसल्या आहेत, आणि बोर्गहिल्डबाई दारातून मला हाका मारत आहेत की म्हातारबुवा, पत्र उद्याही लिहिता येईल. त्यांचे बरोबर आहे. मी पेन ठेवतो आणि बाहेर जातो.

तुझे
बाबा